सातकुंडाची वाट आणि पाण्याचे शिक्षण

पावसाळ्यात मुलांची सहल नकोच, असा सूर अलीकडे पालकसभांतून वारंवार उमटतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तेव्हापासून तो अधिकच चढला आहे. भीती रास्त आहे. परंतु बंदी हा तिच्यावरचा उपाय मला मान्य नाही.

अजिंठा मुलांना दाखवावा तो पावसातच. लेण्यांच्या पलीकडे, दरीच्या माथ्याशी वाघूर नदी काळ्या पाषाणाच्या थरांवरून सात टप्प्यांनी उतरते, तेच सातकुंड. उन्हाळ्यात तेथे नुसता कडा असतो. वर्षावास म्हणजे काय, हे तेथे पुस्तकाविना उमगते. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहावे हा विनयाचा नियम. पावसात हिंडणाऱ्याच्या पायाखाली कोवळी रोपे आणि लहान जीव चिरडले जात, म्हणून तो घालून दिला गेला. पाऊस लागला की थांबावे, हे त्या विहारांत राहणाऱ्यांना ठाऊक होते. आपल्याला मात्र छायाचित्रासाठी आणखी चार पावले पुढे जायचे असते.

अशा वाटा लहान असतात, आणि धोका त्या लहानपणातच आहे. ‘आलोच जाऊन’ म्हणत मुले साध्या चपलांवर निघतात. शेवाळलेल्या ओल्या दगडावर चांगला बूटही टिकत नाही. कुंडाची खोली काठावरून कळत नाही. धारेखालचे पाणी माणसाला खाली ओढते. सर्वांत फसवा तो वरच्या पठारावर कोसळणारा पाऊस. खाली ऊन असते आणि पाणी एकाएकी गढूळ होते, पालापाचोळा व काटक्या वाहून येतात, आवाज जड होतो. त्या क्षणी पिशव्या न आवरता पात्राबाहेर उंच जागी जावे. पलीकडे अडकल्यास पाणी ओसरेपर्यंत पलीकडेच थांबावे. बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नये. दोर, काठी, निदान ओढणी फेकावी. रखवालदाराने वाट बंद आहे म्हटले की परतावे. त्याच्याशी शिक्षकच हुज्जत घालू लागले, तर मुलांनी काय शिकावे?

याहून खोल प्रश्न इतिहासाचा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो आपल्या माणूसपणाचा हक्क होता. गावातील इतर मुले कमरेला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांना त्या विहिरीच्या काठावरही उभे राहू देत नसत. मग पोहणे आपल्या घरांत बापाकडून लेकाकडे, आईकडून लेकीकडे यावे कसे? पाण्याचा हक्क मिळाला, पाण्याची ओळख मात्र राहून गेली. मुलांना पाण्यापासून दूर ठेवणे म्हणजे ती जुनी बंदी आपल्याच हातांनी पुढे चालवणे होय.

माजी विद्यार्थी प्रेमाने देणग्या देतात. सभागृहातील पंख्यांवर त्यांची नावे आहेत. पंख्यांना माझा विरोध नाही, उकाडा मलाही होतो. पुढील वर्षीच्या दानयादीत मात्र पोहणे शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचे मानधन, मुलींसाठी प्रशिक्षिका, एक लांब मजबूत दोर आणि काही जीवरक्षक जाकिटे असावीत. त्यानंतर सातकुंडाच्या सहलीची संमतीपत्रे पालकांकडे खुशाल पाठवू.