ऐकीव कथा आणि तुळईवरचा शिक्का

1908 ते 1940 या काळात अमेरिकेतील सीअर्स, रोबक कंपनीने चक्क सूचिपत्रातून घरे विकली. मापात कापून क्रमांक घातलेले लाकूड, खिळे, रंग असे साहित्य रेल्वेने येई आणि मालक किंवा गावचा सुतार नकाशाबरहुकूम घर उभारी. पुढे कंपनीच्या विक्रीनोंदी नष्ट झाल्या. म्हणून आज अशी घरे शोधूनच काढावी लागतात.

आपले घर सीअर्सचेच, असे अनेक मालक अभिमानाने सांगतात. परंतु अलॅडिनसारख्या अन्य कंपन्याही तशीच घरे विकत होत्या. अभ्यासक मग तळघरात उतरून तुळईवरचा शिक्का पाहतो, जुनी गहाणखते चाळतो, घराची मापे सूचिपत्राशी ताडून पाहतो. कधी यजमानाची निराशा होते. तरीही खरे तेच सांगावे, असे माझे मत आहे. ऐकीव कथा हा शोधाचा आरंभ असतो, पुरावा नव्हे. मात्र तिला तुच्छ लेखू नका. तिच्यावाचून अभ्यासक त्या दारापर्यंत पोहोचलाच नसता. आपल्या घराण्याचा वा गावाचा इतिहास लिहिताना तुम्हीही हाच क्रम पाळा : आधी ऐका, मग तुळई पाहा.