मुंबई कुणाच्या भांडवलावर उभी राहिली?



भांडवल आमचे, म्हणून मुंबईही आमची, असा हिशेब थैलीशहांनी १९५५-५६ साली मांडला होता. त्या हिशेबाला आमच्या माणसांनी रस्त्यावर उत्तर दिले. शंभरावर माणसे गोळीला बळी पडली, तेव्हा कुठे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. राज्य मिळाले, पण शेठजींचा तो हिशेब अजून खोडला गेलेला नाही.

आम्ही चौथी शिकलेली माणसे, तरी आम्हांला एवढे कळते की धंदा पाहिजे. पैसा घालणारा पाहिजे. कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली म्हणून ताडदेवला गिरणी उभी राहिली. ते आम्ही नाकारीत नाही. पण साचा काय आपोआप चालतो? कापूस पिकवला शेतकऱ्याने. साच्यावर उभी राहिली कोकणातली आणि घाटावरची माणसे. खानावळवाल्या बायांनी त्यांना उधारीवर जेवू घातले. बदलीवाल्याला काम मिळाले नाही, संप लांबला, तर गावच्या तुकड्याने त्याची पोरे जगवली. म्हणून गिरणीला कमी पगार परवडला! हे भांडवल कुठल्या शेठच्या वहीत लिहिले आहे, सांगा की!

१८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि मालकाला कापडापेक्षा जमीन गोड लागली. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते : एक महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. फक्त मोकळ्या जमिनीचे वाटे करायचे ठरले. २००६ साली सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरले. जनतेचा वाटा आटला, आणि गिरणगावातली कुटुंबे बोरिवली-मुलुंडच्याही पलीकडे फेकली गेली.

मालक गेला की धंदा मेला, असे म्हणतात. मग घाटकोपरला लागून असलेल्या कुर्ल्याकडे बघा. तिथला कमानी ट्यूब्ज हा नळ्यांचा कारखाना १९८५ साली बंद पडला. कामगारांनी सहकारी संस्था काढली, गाठीचा पैसा घातला, १९८८ साली मंजुरी मिळवली आणि यंत्रे पुन्हा चालू केली. पुढे तो कारखाना परत अडचणीत आला, हे आम्ही लपवीत नाही. अडचण मालकाच्या कारखान्यालाही येते. पण शेठ नसला तरी चाक फिरते, एवढे तिथे सिद्ध झाले.

तेव्हा आमचे मागणे भिकेचे नाही, वाट्याचे आहे. कारखाना बंद करायचा तर आधी वह्या कामगारांपुढे उघडा. जमीन विकायची तर आधी देणी चुकती करा, घराचा वाटा बाजूला काढा. नफ्यात भागीदार एकटा आणि तोट्यात सगळे, हा कसला व्यापार?

बंधूंनो, राज्य आपण भांडून घेतले. हिशेबही भांडूनच घ्यावा लागेल!