कालव्याला चढ नसतो

आमचे मेहुणे पुण्याला राहतात. राहतात ते राहतात, पण त्यांचं ते राहणं आम्हाला वर्षातून दोनदा ऐकून घ्यावं लागतं. एकदा दिवाळीला आणि एकदा संक्रांतीच्या सुमारास, हुरडा खायला माजलगावला येतात तेव्हा. पहिला चहा संपायच्या आत ठरलेला प्रश्न येतो, “दाजी, तुमच्या बीड जिल्ह्यात फिरायला आहे तरी काय?” आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता तेच सांगतात, “दुष्काळ!” मग ते स्वतः हसतात, त्यांची बहीण म्हणजे आमचं कुटुंब हसतं, आणि मी बशीतला चहा फुंकत बसतो.

यंदा मी फुंकर मारली नाही. वाचकहो, पुढचं सगळं त्या न मारलेल्या फुंकरीतून निघालेलं आहे.

माझं म्हणणं असं, की गुडघ्यांना न दुखवता, पाण्याच्या कडेकडेनं, वहाणा न झिजवता फिरायचं असेल तर आमच्या गंगथडीसारखा मुलूख नाही. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. खऱ्या गंगेला त्यात कमीपणा वाटल्याचं ऐकिवात नाही.) पण आपल्या महाराष्ट्रात ‘फिरायला जाणं’ या शब्दाचा अर्थच बिघडलेला आहे. फिरायला जाणं म्हणजे वर चढणं! पाठीवर पिशवी, हातात काठी, तोंडाला फेस. महाराजांनी गड बांधले ते कुणाला सहजासहजी चढता येऊ नयेत म्हणून. साडेतीनशे वर्षांनी मी तिथं तिसऱ्या वळणावर धापा टाकतो, यात त्यांच्या बांधकामाचं यश आहे. माझ्या देशप्रेमाचा त्यात काही संबंध नाही.

आता कालवा बघा. रस्ता बांधणारा माणूस वाटेत टेकाड आलं की रस्ता वर चढवतो, खड्डा आला की खाली उतरवतो. त्याचं काय जातं? कालवा खणणाऱ्याला ही चैन नाही. पाणी काही केल्या वर चढत नाही. त्यामुळे कालवा समपातळी धरून, टेकाडाला वळसा घालून, ओढा आला तर त्याच्यावरून पूल टाकून, हजारो फूट चालल्यावर एखादा फूट उतरतो. इतका उतार, की तो पाण्याला कळतो, माणसाला कळत नाही. आणि त्याच्या काठानं देखभालीची जी वाट असते, तीही तशीच. थोडक्यात, सरकारनं करोडो रुपये खर्चून, दुर्बिणी लावून, माझ्या गुडघ्यांसाठी सपाट वाट आखून ठेवली आहे. उद्देश वेगळा होता, हे मला मान्य.

पैठणच्या नाथसागराचं उदाहरण घ्या. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि तिथून उजवा कालवा निघाला तो १३२ किलोमीटर चालत आमच्या माजलगावच्या तळ्यात येऊन पडला. एकशे बत्तीस किलोमीटर, आणि एकदाही धाप नाही! काठाला साखळी क्रमांकाचे दगड असतात, म्हणजे आपण किती चाललो हे घरी खोटं सांगायची सोय नाही. आमच्या भागात ही अक्कल नवीही नाही. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकातली. तिचं पाणी मोट न लावता, जमिनीखालच्या बोगद्यातून आपल्या पायांनी शेतात जायचं. न चढता पुढं जाणं ही आमच्या जिल्ह्याची जुनी विद्या आहे.

“पण कालव्याच्या काठानं कोण फिरतं?” असं मेहुण्यांनी विचारलंच. मी या प्रश्नाची वर्षभर वाट पाहत होतो. “तुम्ही!” मी म्हणालो. कारण खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा भर पुण्यातून जातो आणि त्याच्या काठाला हे गृहस्थ रोज सकाळी टोपी घालून चालतात. तिथं ते आरोग्य, इथं तो दुष्काळ! विलायतेत तर कालवे नावांसाठी खणले होते; काठावरून घोडा चालायचा आणि दोरानं नाव ओढायचा. घोड्यांची नोकरी गेली, वाट राहिली, आणि आता तिच्यावरून पेन्शनर चालतात. आमच्याकडे घोडा नव्हता, एवढ्यावरून पेन्शनरनं घरी बसायचं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्यांना घेऊन निघालो. आधी तळ्याकडं. तळ्याच्या काठाची गंमत अशी, की तो रोज वेगळा असतो. पाणी जसं उतरतं तशी वाट खाली सरकते, आणि उघड्या पडलेल्या मऊ जमिनीवर लगोलग कुणी ना कुणी गाळपेर करून मोकळं होतं. ट्यूबवर बसून जाळं टाकणारे, पंख वाळवत बसलेले पाणकावळे, विनाकारण ओरडणारी टिटवी. मेहुणे म्हणाले, “इथं फरशा बसवून, रेलिंग लावून, छान ट्रॅक करायला पाहिजे.” मी हात जोडले. एकदा फरशी बसली की आधी पाटी येते, मग कुंपण येतं, मग कुंपणाला कुलूप येतं आणि किल्ली ज्याच्याकडं असते तो लग्नाला गेलेला असतो. काही करायचंच असेल तर सावलीची चार झाडं लावा आणि झाडाखाली एक बाक ठेवा, की तुमचं काम संपलं.

तिथून कालव्यावर गेलो. कुठल्या कालव्यावर ते सांगत नाही, कारण तिथला चहा चांगला होता.

रब्बीचं आवर्तन सुटलं होतं. एका बाजूला हुरड्याला आलेली ज्वारी, दुसरीकडं हरभरा, मधून गढूळ पाणी गुपचूप चाललेलं. (काठानंच चाला. अस्तरीकरणाच्या उतारावर शेवाळ असतं आणि आत गेलेला माणूस सहज वर येत नाही. एवढं एक सोडलं तर कालव्याचा स्वभाव गरीब आहे.) कालव्यावर बिनकामाचा माणूस दिसण्याची लोकांना सवय नाही. मी एकटा असलो की विचारतात, “म्हैस हुकली का, गुरुजी?” पण आज मेहुणे बरोबर होते. पांढरे बूट, टोपी, आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. दर शंभर पावलांनी ते थांबायचे, घड्याळात बघायचे आणि पाण्याकडं बघून मान डोलवायचे.

पहिल्या वळणावर एक मोटर बंद झाली. दुसऱ्या वळणावर एकानं कालव्यात सोडलेला पाइप घाईघाईनं ओढून उसात लपवला. तिसऱ्या वळणापर्यंत बातमी आमच्यापुढं जाऊन पोचली होती. “या साहेब, चहा घ्या.” चहा आला, हुरडा आला, गूळ आला. एक जण हळूच मला म्हणाला, “नवे साहेब मशीन घेऊन आलेत जणू. मोजणी चाललीय का?” मी म्हणालो, “सकाळपासून चाललीय. सहा हजार झाले.” त्याचा चेहरा पडला. खोटं मी काही बोललो नव्हतो.

परत येताना एका चारीनं खाली उतरलो. ऊसतोडीला गेलेल्यांची घरं कुलूपबंद होती. पाणी इथं येतं तेव्हा ते सोडायला लागणारे हात दुसऱ्याच्या कालव्याखालचा ऊस तोडत असतात. चारी जसजशी पुढं गेली तसतसं पाणी पातळ झालं, मग ओल राहिली, मग भेगा. मेहुणे काही बोलेनात. त्यांचं ‘दुष्काळ’ मला तिथं आठवलं, आणि ते अगदीच खोटं नाही हेही. आमच्याच जिल्ह्यातलं धनेगावचं मांजरा धरण आटलं म्हणून २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. पाण्याच्या काठानं फिरा म्हणतो खरा. पण इकडं काठ कायमचा असतो, पाणी पाहुणं असतं. म्हणून तर ते आलेलं असताना घरात बसून राहणाऱ्याला मी माफ करत नाही.

चारीच्या अगदी टोकाला, कोरड्या तोंडाशी एक म्हातारा बसला होता. त्यानं ना म्हैस विचारली, ना साहेब म्हटलं.

“वरून आलात का?”

“हो.”

“पानी कुठवर आलंय?”

मी आठवायला लागलो, पण मेहुणे आधी बोलले. “दोन बाभळी आहेत ना, त्यांच्या अलीकडं. इथून दोन हजार तीनशे पावलं.”

म्हाताऱ्यानं क्षणभर हिशेब केला. “मंजी रातच्याला येतंय,” असं म्हणून तो उठला आणि फावड्यानं तोंडाशी साचलेला गाळ ओढायला लागला. आम्ही वळलो तेव्हा मागून हाक आली, “उंद्या येता का इकडं? मला वरलोक जाववत न्हाई. तेवढं बघून सांगा.”

दुसऱ्या दिवशी सहाला उठलो तर मेहुणे ओट्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होते. त्यांची पुण्याची गाडी सातची होती.