पाया कोणाचा आणि इमला कोणाचा?

महाविद्यालयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी लहान गटात बसवावे, वाचायला, लिहायला, प्रश्न विचारायला शिकवावे, ही कल्पना मुळात चांगली आहे. ज्याच्या घरात त्याच्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा श्रमिकाच्या मुलाला तर तिची सर्वाधिक गरज आहे. आमचा विरोध ह्या कल्पनेला नाही. तिचे नाव वापरून दिल्ली विद्यापीठात २०१३ पासून दोन वेळा जे केले गेले, त्याला आहे.

२०१३ साली शिक्षक व विद्यार्थी संघटनांचा विरोध डावलून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम लादण्यात आला. त्यात ११ पायाभूत अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचे होते. इतिहासाचा विद्यार्थी असो वा भौतिकशास्त्राचा, 'गणिती क्षमता' वाढवण्याचा धडा दोघांना एकच! एकाला तो पोरखेळ, तर दुसऱ्याला ओझे. जून २०१४ मध्ये, केंद्रात सत्तांतर होताच, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आदेशाने ही योजना गुंडाळण्यात आली. ज्या तुकडीवर हा प्रयोग झाला, तिच्या वाया गेलेल्या वर्षाचा हिशेब कोणी दिला नाही.

आणि २०१४ मध्ये ज्या पक्षाच्या राजवटीत ती मागे घेतली गेली, त्याच पक्षाच्या राजवटीत २०२० च्या शिक्षण धोरणाचा झगा घालून २०२२ मध्ये चार वर्षांचा अभ्यासक्रम परत आला. आता पहिल्या सत्रातील २२ श्रेयांकांपैकी विद्यार्थ्याच्या मुख्य विषयांना १२ च उरतात. क्षमतावृद्धी, कौशल्य व मूल्यवर्धन ह्यांना प्रत्येकी दोन. ह्या मूल्यवर्धनाच्या यादीत काय आहे? 'स्वच्छ भारत', 'फिट इंडिया', 'आनंदी राहण्याची कला'! सरकारी मोहिमांची नावेच जेथे अभ्यासक्रम होतात, तेथे प्रश्न विचारायला कोण शिकवणार?

विरोधक म्हणतील, साम्यवाद्यांना प्रत्येक बदल खुपतो. आमचे उत्तर सरळ आहे. चर्चावर्गाला लहान गट लागतो. लहान गटाला अधिक शिक्षक लागतात. आणि अधिक शिक्षकांना पैसा लागतो. ह्या विद्यापीठातील हजारो शिक्षकांनी वर्षानुवर्षे तात्पुरत्या नेमणुकीवर काम केले आहे. शिक्षक न वाढवता अभ्यासक्रमांची संख्या वाढवली, की चर्चावर्गाचे नाव उरते आणि हातात पडते ती भरगच्च वर्गातील हजेरी व गुणांची नोंद.

दुसरीकडे, एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची 'मुभा' दिली आहे. ही मुभा कोण वापरणार? ज्याचा बाप चौथ्या वर्षाचा खर्च पेलू शकतो, तो नव्हे! गळतीलाच सवलतीचे नाव देण्याची ही युक्ती आहे.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांतही २०२४-२५ पासून हेच धोरण लागू झाले आहे, म्हणून हा प्रश्न दिल्लीपुरता नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दाखवून दिले होते, की सरकारी महसूल रयतेच्या घामातून उभा राहतो आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. तो हिशेब अजून चुकता झालेला नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत: कायम शिक्षकांची भरती करा, प्रथम वर्षाचे चर्चावर्ग खरोखर लहान ठेवा, मातृभाषेत वाचनसाहित्य द्या, गरीब विद्यार्थ्याला चारही वर्षे पुरेल अशी शिष्यवृत्ती द्या. पाया घालायचाच असेल, तर तो ह्या मागण्यांवर घाला. विद्यार्थी, शिक्षक व कर्मचारी ह्यांच्या संयुक्त लढ्याखेरीज त्या पदरात पडणार नाहीत, हे प्रत्येक साथीने ध्यानात घ्यावे.