एका किकमध्ये सुरू होते, मग नापास कशी?

रिठदहून (तालुका रिसोड, जिल्हा वाशिम) एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. या आठवड्यात पाकक्रिया आणि विणकाम बाजूला ठेवून त्याच पत्राचं उत्तर द्यावं म्हणते; कारण हा प्रश्न एका घरचा नाही.

पत्राचा सारांश असा : घरी १९९४ सालची राजदूत मोटरसायकल आहे. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली. ते होते तोवर दर पाच वर्षांनी स्वतः पासिंगला नेत असत. चार वर्षांपूर्वी ते गेले. २०२४ मध्ये नोंदणीची मुदत संपली, तरी गाडी चालूच राहिली. पहाटे यजमान तिच्यावरून दूध घालतात, दुपारी मुलगा नेतो, आणि सणावाराला या ताई धाकट्या मुलीला मांडीवर घेऊन मागे बसतात. परवा गाडी वाशिमला पासिंगला नेली, तर साहेबांनी शेरे मारून परत पाठवली. मागचा ब्रेक लागत नाही, मागचा दिवा लागत नाही, साडीगार्ड नाही, धूर फार. शिवाय आरसी बुकावर नाव अजून सासऱ्यांचंच. यजमानांचं म्हणणं, ‘‘गाडी एका किकमंधी सुरू होते, मंग वापस कायले पाठवली? एजंटाला पैसे देऊ, होऊन जाईल.’’ ताई विचारतात, गाडी खरंच चांगली आहे का? ठेवावी की विकावी?

ताई, तुमच्या यजमानांचं अर्धं म्हणणं खरं आहे. राजदूत ही कणखर गाडी. पोलंडच्या मोटरसायकलीच्या नमुन्यावर एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६२ च्या सुमारास ती आपल्याकडे आणली. १७३ सीसीचं साधं टू-स्ट्रोक इंजिन, सुटे भाग मोजके, गावातल्या मिस्त्रीला उघडता येईल अशी रचना. म्हणून तर दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी ती वर्षानुवर्षं वापरली. ३० वर्षांची गाडी एका किकमध्ये सुरू होते, याचा अर्थ इंजिनात अजून दम आहे.

पण किक फक्त इंजिनाची खबर देते. तपासणीला साहेब बघतात ते वेगळं : गाडी वेळेवर थांबते का, मागून येणाऱ्याला दिसते का, आणि मागे बसलेलं माणूस सुखरूप उतरेल का. तुमच्या कागदावरचे पहिले तीन शेरे पुन्हा वाचा. तिन्ही शेरे मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाचे आहेत, म्हणजे तुमचे आणि तुमच्या लेकीचे. तेव्हा तो कागद गाडीच्या पेटीत न ठेवता स्वयंपाकघरात टांगा आणि एकेक शेरा निकाली काढा.

मागचा ब्रेक. हा तुम्ही घरीसुद्धा पाहू शकता. गाडी बंद ठेवून मोठ्या स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, मागचं चाक हातानं फिरवायला सांगा आणि पायाचा ब्रेक दाबा. चाक तिथल्या तिथे थांबायला हवं. दाबल्यावरही फिरत राहिलं, तर आधी ब्रेकच्या दांडीचा नट कसून पाहतात. तो शेवटच्या आट्यापर्यंत कसून झाला असेल तर आतले ब्रेक शू झिजले, ते बदलायचे. शू नवे असूनही ब्रेक सरकत असेल तर ड्रममध्ये तेल किंवा ग्रीस गेलं असण्याचा संभव. भरलेल्या दुधाच्या कॅन्या लावल्यावर गाडीचं वजन किती वाढतं ते तुम्ही जाणताच. रिकाम्या गाडीला पुरणारा ब्रेक तेव्हा पुरत नाही.

मागचा दिवा. काम थोडं, गरज मोठी. पहाटेच्या अंधारात, सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा चालू असताना, तुमची गाडी मागच्याला दिसते ती या दिव्यानं. बल्ब घेताना जुना बल्ब सोबत न्यावा. ६ व्होल्टच्या गाडीला १२ चा बल्ब लावला तर तो नुसता मिणमिणतो. ब्रेक दाबल्यावर लाल दिवा ठळक होतो का, तेही पाहा. पुष्कळदा बल्ब चांगला असतो आणि वायरच तुटलेली असते. लाल रिफ्लेक्टर हवाच. आणि कॅन्यांच्या लोखंडी चौकटीमागे दिवा किंवा नंबरप्लेट झाकली जात नाही ना, हे दहा पावलं मागे उभं राहून एकदा बघा.

साडीगार्ड. ‘‘याच्यासाठी कोणी गाडी परत पाठवतं का?’’ असं पुष्कळ घरी म्हणतात. मैत्रिणींनो, ही शोभेची जाळी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम आपल्यासाठीच आहे. मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे, असं त्यात सांगितलं आहे. मुलं ‘लूक’ बिघडतो म्हणून जाळी काढतात, दूधवाले कॅनी बसत नाही म्हणून काढतात. पदर किंवा ओढणी एकदा का आऱ्यांत गुंतली की बाई खाली खेचली जाते. जाळी कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे बसवून मिळेल. कॅन्यांची चौकट तिच्या बाहेरून येऊ द्या. शिवाय बसण्याआधी पदर खोचून घ्यायचा आणि ओढणीला मागे गाठ मारायची, ही सवय जाळी असली तरी सोडू नका.

धूर. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर तेलही जळतं आणि थोडं मिश्रण न जळताच बाहेर पडतं, म्हणून ती मुळातच जास्त धुरकट. कायद्यानं तिचं वयही ध्यानात घेतलं आहे. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साईड ४.५ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन दहा लाख भागांत ९००० भागांपर्यंत चालतं. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला हीच मर्यादा ३.५ टक्के आणि ६००० आहे. म्हणजे तुमच्या राजदूतला सवलत आहे, आणि तरीही ती नापास होत असेल तर काहीतरी दुरुस्त करण्यासारखं आहे.

बहुधा चूक तेल घालण्यात सापडते. पंपावर अंदाजानं, ‘‘घाल अजून थोडं, इंजिनाला बरं’’ म्हणून ऑइल ओततात. आपण भाजीत तेल मोजून घालतो, मग इथे अंदाज कशाला? पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात मापानं घाला, आणि टू-स्ट्रोकचंच ऑइल घाला. जास्त झालं तर धूर आणि काळा पडलेला प्लग. कमी झालं तर पिस्टन जाम. मग एअर फिल्टर आणि प्लग साफ करून घ्यावा. सायलेन्सरमध्ये वर्षानुवर्षांची काजळी साचलेली असते, तीही मिस्त्रीकडून काढून घ्यावी. पीयूसीला गाडी थंड नेऊ नका, थोडी चालवून गरम झाल्यावर न्या. अशा जुन्या गाडीचं प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं; संपण्याची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

आता आरसी बुकाचं नाव. मालक वारल्यावर गाडी वारसानं आपल्या नावावर करून घ्यायची असते. ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत ‘नमुना ३१’ भरून द्यायचा, असा कायदा आहे. तुमच्याकडे उशीर झालाच आहे, तो आणखी वाढवू नका. मृत्यूचा दाखला काढा, सासूबाई आणि नणंदांची लेखी संमती घ्या. नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज ‘नमुना २५’ वेगळा. कोणता आधी द्यायचा ते वाशिमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर विचारा. गाडीचा नंबर अकोल्याचा असला तरी घाबरू नका. १ जुलै १९९८ पर्यंत वाशिम अकोला जिल्ह्यातच होतं, म्हणून त्या काळच्या गाड्यांवर अकोल्याचाच क्रमांक असतो. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटरसायकलच्या नूतनीकरणाचं शुल्क २००० रुपये झालं आहे. पर्यावरण कर आणि उशिराचा दंड निराळा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही नव्या पद्धतीची नंबरप्लेट लागते, तोही खर्च धरा.

एजंटाच्या वाटेनं जाऊ नका असं मी म्हणते, ते केवळ पैशासाठी नाही. त्यानं उद्या कागद आणून दिला, तरी ब्रेक आजच्यासारखाच राहील!

आणि विमा? थर्ड पार्टी विमा नसताना आपल्या गाडीनं कुणाला इजा झाली, तर भरपाई घरातूनच द्यावी लागते. वेळ आली तर शेतीवर येते. दुसरी गोष्ट फारच थोड्या बायकांना ठाऊक असते. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात मागच्या सीटवर बसलेल्या माणसाची भरपाई धरलेली नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या एका निकालात हे आलेलं आहे. तेव्हा विमा घेताना, ‘‘मागे बसणारीचं काय?’’ हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा आणि ते संरक्षण जोडून घ्या. चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचा अपघात विमा असतो. त्यावर नामनिर्देशन कुणाचं आहे तेही पाहून ठेवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ठेवावी की विकावी? एक वही घ्या. एका पानावर यंदाचा सगळा खर्च लिहा : ब्रेक, टायर, दिवे, जाळी, शुल्क, कर, विमा, आणि महिन्याचं पेट्रोल-ऑइल. दुसऱ्या पानावर गाडीचं महिन्याचं काम लिहा. राजदूत आता बनत नाही, भाग शोधावे लागतात. गाडी बंद पडून दूध घरी राहिलं असे दिवसही त्याच पानावर मांडा. दूध वेळेवर पोचत असेल आणि खर्च पेलत असेल तर खुशाल ठेवा, पास झाली तर पुढची पाच वर्षं निश्चिंत. १५ वर्षांवरची गाडी भंगारातच द्यावी लागते ही अफवा आहे. तसले निर्बंध दिल्लीकडचे, आपल्याकडचे नाहीत.

विकायची ठरली तर नाव बदलून झाल्याशिवाय गाडी दारातून हलवू नका. गाडी ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये पुन्हा सांगितलं आहे. भंगारात द्यायची असेल तर अधिकृत केंद्रात द्या आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद जपून ठेवा.

सासऱ्यांची आठवण म्हणून ठेवावीशी वाटणं स्वाभाविक आहे. नुसती आठवण हवी असेल तर ती पडवीत पुसून-झाकून राहू द्या. पण जी गाडी रस्त्यावर जाणार, तिचा मागचा ब्रेक आधी. तो लागेपर्यंत ताई, तुम्ही आणि लेकीनं एसटीनंच जावं. आणि ब्रेक दुरुस्त होऊन आला की चाक फिरवून पाहायचं काम तुम्ही करा, मिस्त्रीच्या शब्दावर सोडू नका.