संसाराला कसले बक्षीस?

दिवाळी आली की आमच्या मुळशी तालुक्यात स्पर्धांना ऊत येतो. पोरांच्या किल्ल्यांची स्पर्धा, रांगोळीची स्पर्धा, आकाशकंदिलांची स्पर्धा. त्यांच्याविरुद्ध माझी काडीचीही तक्रार नाही. शाळामास्तर या नात्याने अशा अनेक स्पर्धांचा मी परीक्षक झालो आहे, आणि पहिला नंबर कोणाच्या किल्ल्याला द्यावा यावरून दोन आळ्यांचा रोषही पत्करला आहे. परंतु परवा एका नव्याच स्पर्धेत मत देण्याचे आमंत्रण मला आले, आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही.

आमंत्रण धाडले ते परदेशी नांदणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. ‘सर, आमच्या व्हिडिओला मत द्या’, एवढाच निरोप. परदेशातल्या प्रवेश-कायद्यामुळे नवराबायकोची जी ताटातूट किंवा कुचंबणा होते, तिची चार मिनिटांची चित्रफीत जोडप्याने स्वतःच करायची. लोकांनी मते द्यायची. जास्त मते त्याला बक्षीस. माझ्या विद्यार्थिनीच्या चित्रफितीत ती आपले इंजिनिअरिंगचे पदवीपत्र कपाटातून काढते, पदराने पुसते आणि परत ठेवते. मागे सतार वाजते. दुसऱ्या एका चित्रफितीत तीन वर्षांचे पोर फोनच्या काचेवरच बापाचा मुका घेते. त्याला अर्थातच जास्त मते होती.

मी मत दिले नाही. का दिले नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

वाचकहो, हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा आहे असे समजू नका. हिंजवडी आमच्याच तालुक्यात येते. जिथे भाताची खाचरे होती, तिथे आज काचेचे इमले उभे आहेत, आणि तिथली तरुण पोरे-पोरी कंपनीच्या हुकमासरशी अमेरिकेत जातात. नवऱ्याला मिळतो तो ‘एच-वन-बी’ नावाचा परवाना. बायकोला मिळतो तो ‘एच-फोर’. या दुसऱ्या परवान्याचा अर्थ एका शब्दात सांगायचा तर ‘आश्रित’. आश्रिताने तिथे राहावे, वाटल्यास शिकावे, पण पगाराची नोकरी करू नये. लग्नाआधी हिंजवडीत नवऱ्याच्या शेजारच्या टेबलावर बसून त्याच्याइतकाच पगार घेणारी मुलगी विमानातून उतरताच कायद्याने बेकार होते! २०१५ साली अमेरिकन सरकारने थोडी सवलत दिली. नवऱ्याचे कायम वास्तव्याचे प्रकरण ठराविक टप्प्यापर्यंत पोचले असेल, तर बायकोला कामाची परवानगी मागता येते. पण ही सवलत सरकारी नियमाने दिलेली; ती काढून घेण्याची भाषाही पुढच्या राजवटीत झाली होती.

आणि तो टप्पा गाठल्यावर तरी काय? १९९० च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या एकूण कायम परवान्यांपैकी सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. देश चिमुकला असो की हिंदुस्थानाएवढा, माप एकच. त्यामुळे आपल्या लोकांची रांग वर्षांची नव्हे, दशकांची झाली आहे. इथे जन्मलेले, आईबापांबरोबर तिकडे गेलेले मूल रांगेत असतानाच एकवीस वर्षांचे झाले, तर आश्रिताचा हक्कही गमावून बसण्याची पाळी त्याच्यावर येते. इंग्लंडची तऱ्हा निराळी. तिथे प्रेमाला किंमत लावली आहे, आणि तीही पौंडांत. परदेशी जोडीदार आणायचा तर वर्षाला १८,६०० पौंडांची मिळकत दाखवा, असे २०१२ साली ठरले. २०२४ साली ती रक्कम २९,००० झाली. म्हणजे सफाई कामगाराने आपल्या बायकोवर प्रेम करू नये असे नव्हे. फक्त लांबून करावे!

हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध ओरडले पाहिजे. पण स्पर्धा? स्पर्धेत कोणी पहिला येतो, त्याअर्थी कोणी शेवटचाही येतो. शेवटच्या जोडप्याचे दुःख खोटे होते काय? की त्यांना सतार मिळाली नाही, एवढाच त्यांचा गुन्हा? ज्यांना मूल नाही, ज्यांना कॅमेऱ्यापुढे रडता येत नाही, ज्यांचा संसार दिसायला अगदी साधा आहे, त्यांनी काय करावे? मुळातच परदेशचा अधिकारी आपल्या जोडप्यांकडून फोटो मागतो, एकत्र बँकखाते मागतो, संशय आला तर दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून सकाळी चहा कोण करतो ते विचारतो. हक्क मागण्यासाठी आपणही तोच खेळ मांडायचा, फक्त एका अधिकाऱ्याच्या जागी हजार प्रेक्षक बसवायचे, ही कुठली सुधारणा? हक्क सर्वांना सारखा असतो, बक्षीस एकालाच मिळते.

आपल्या वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न कसा हाताळला ते पाहा. १४ मार्च १९१३ रोजी दक्षिण आफ्रिकेत केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. प्रकरण होते एका हिंदी माणसाच्या बायकोला देशात येऊ द्यावे की नाही, याचे. निकालाचा अर्थ असा झाला की, ख्रिस्ती विधीने न झालेले लग्न तिथल्या कायद्याला ठाऊक नाही. एका सकाळीत हजारो हिंदू, मुसलमान, पारशी बायका कायद्यापुरत्या कोणाच्याच बायका राहिल्या नाहीत. कस्तुरबांच्या लग्नाला तेव्हा सुमारे तीस वर्षे झाली होती. आपला संसार किती गोड आहे हे त्या कोणाला दाखवायला गेल्या नाहीत. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सोळा जणांच्या पहिल्या तुकडीतून त्या निघाल्या, सरहद्दीवर पकडल्या गेल्या आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी त्यांनी भोगली. इकडे आपल्या पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले, जे आदल्याच वर्षी तिकडची स्थिती डोळ्यांनी पाहून आले होते, प्रकृती साथ देत नसतानाही या लढ्यासाठी पैसा गोळा करीत हिंडत होते. १९१४ साली कायदा झाला, आणि धर्म कोणताही असो, एका नवऱ्याची एक बायको कायद्याने बायको ठरली. कोणाची पहिली नव्हे, कोणाची दुसरी नव्हे, सगळ्यांची.

यावर कोणी म्हणेल, ‘मास्तर, जग बदलले. चित्राने लोकमत बनते.’ बनते, हे मला मान्य आहे. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, लग्नासाठी आलेल्या पस्तीस वर्षांच्या एका हिंदी शिक्षिकेची कौमार्य-परीक्षा करण्यात आली. माझ्याच पेशातली बाई! वर्तमानपत्राने ते छापले, तिकडे आणि इकडे संतापाचा डोंब उसळला, आणि तो किळसवाणा प्रकार बंद करावा लागला. पण त्या बातमीला कोणी गुण दिले नव्हते. तिच्या अपमानापेक्षा दुसरीचा अपमान अधिक परिणामकारक आहे काय, असे कोणी विचारले नव्हते.

आणि सावध न राहिले तर जिंकूनही हरता येते. बायको आणणे पुरुषाला सोपे, नवरा आणणे बाईला कठीण, असा इंग्लंडचा नियम होता. १९८५ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तो पक्षपाती ठरवला. सरकारने निकाल शिरसावंद्य मानला आणि बायको आणणेही तितकेच कठीण करून टाकले! नुसती सहानुभूती मिळवणाऱ्याच्या पदरात असलीच समता पडते. नेमके काय हवे, ते शब्दात मांडून मागावे लागते.

दुसरा आक्षेप असा की, खोटी लग्ने लावून लोक घुसतात. कोणत्याही देशाने खबरदारी घेऊ नये काय? जरूर घ्यावी. चोराला पकडा. पण एच-फोरवाल्या बाईचे लग्न खरे आहे हे मान्य करूनच तिला घरी बसवले जाते. तिथे खोटेपणाचा संबंधच येत नाही.

आता दोन शब्द आपल्या माणसांना. आमच्या भागात पूर्वी अक्षता पडल्या, पंगत उठली की लग्न पक्के. नोंदणीसाठी ग्रामसेवकाकडे कोणी जात नसे. हल्ली व्हिसासाठी तो दाखला आठ दिवसांत काढतात. एवढी जागरूकता आहे, तर मग मुलीच्या कागदावर काय लिहिले जाणार हे कोणी का विचारत नाही? पत्रिकेतला मंगळ तीन-तीन ज्योतिष्यांना दाखवतात, आणि ‘आश्रित’ हा ग्रह मात्र आंधळ्यासारखा पदरात घेतात. मुलाचा पगार डॉलरात ऐकला की आईबापांचे कान तिथेच बंद होतात.

येत्या चार दिवसांत तुळशीची लग्ने लागतील आणि मुहूर्त निघू लागतील. बैठकीत परदेशचे स्थळ आले तर निर्लज्जपणे विचारा: आमच्या मुलीला तिथे काम करता येईल का? केव्हा? आणि न आल्यास जावईबापू, तुम्ही इकडे परत याल का? तिकडे नांदणाऱ्या लेकींनाही माझे सांगणे आहे. चित्रफीत जरूर काढा, पण एकमेकींशी चुरस लावू नका. सगळ्यांनी मिळून एकच अर्ज लिहा, त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि ज्यांना मताचा अधिकार आहे अशा तिथल्या नागरिकांना सोबत घेऊन कायदा करणाऱ्यांच्या दारात जा. त्या अर्जावर सही करायला सांगाल, तर हा मास्तर पहिली सही करील.