ट्रकवाल्याचं इंग्रजी आणि मालकाचं गणित



अमेरिकेच्या हमरस्त्यांवर २५ जून २०२५ पासून एक परीक्षा कडक झाली. इन्स्पेक्टर मालट्रक बाजूला घ्यायला लावतो आणि ड्रायव्हरला इंग्रजीत प्रश्न टाकतो. कुठून आलास, कुठे चाललास, माल कसला, किती तास गाडीवर आहेस? दुभाष्या चालत नाही, मोबाईलवरचं भाषांतर चालत नाही, लिहून आणलेली चिठ्ठीही चालत नाही. त्यातून निभावला तर रस्त्यावरच्या पाट्या ओळखायला लावतात. नापास झाला की त्याने चाकाला हात लावायचा नाही. मालक दुसरा ड्रायव्हर पाठवतो, माल पुढे जातो, आणि हा गडी तिथेच रस्त्याच्या कडेला राहतो. वर्ष संपायच्या आत असे हजारो ड्रायव्हर गाडीवरून उतरवले गेले.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या ट्रकवाल्याचं गिरणीतल्या माणसाला काय? आम्ही सांगतो, फार आहे. आपणही भाषेसाठी रस्त्यावर उतरलेली माणसं आहोत. तेव्हा भाषेची काठी कुणाच्या हातात जाते आणि कुणाच्या पाठीत बसते, हे आपण नीट बघून ठेवलं पाहिजे.

आधी कायदा काय म्हणतो ते घ्या. ही अट काही काल-परवाची नाही, १९३० च्या दशकापासून तिथल्या नियमांत आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या ड्रायव्हरला लोकांशी बोलण्यापुरतं, पाट्या कळण्यापुरतं, अधिकाऱ्याला उत्तर देण्यापुरतं आणि नोंदी भरण्यापुरतं इंग्रजी आलं पाहिजे. ‘पुरतं’ म्हणजे किती, ते कायदा सांगत नाही. ते ठरवणार रस्त्यावरचा साहेब. २०१६ साली तिथल्या सरकारने इन्स्पेक्टरांना कळवलं की एवढ्याच कारणावरून ड्रायव्हरला गाडीवरून उतरवू नका. एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी हुकूम काढून ते उलटवलं. त्याच्या आधीच्या महिन्यात त्यांनी इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा म्हणून जाहीर केली होती. पुढे ऑक्टोबरात, कॅलिफोर्निया राज्य ही परीक्षा नीट घेत नाही म्हणून त्या राज्याचे सुमारे चार कोटी डॉलर अडवून धरले.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये फ्लोरिडात एक भयंकर अपघात झाला. भारतातून गेलेल्या एका तरुण ड्रायव्हरने महामार्गावर जिथून फक्त सरकारी गाड्यांनी वळायचं, तिथून आपला लांबलचक ट्रक उलटा वळवला. मागून येणारी मोटार त्याखाली शिरली आणि तीन माणसं गेली. त्याला बारा प्रश्न विचारले, दोनच बरोबर आले; चार पाट्या दाखवल्या, एकच ओळखली, असं तिथल्या सरकारने जाहीर केलं. आठवडाभरानंतर परदेशी ट्रक ड्रायव्हरांचे व्हिसा थांबवण्यात आले.

त्या तीन मेलेल्यांवर आम्ही पांघरूण घालणार नाही. रस्त्यावर चालणारी माणसं आपल्यासारखीच असतात. पुढे पूल बंद आहे अशी पाटी असेल आणि ती ड्रायव्हरला वाचता येत नसेल, तर तो स्वतःही मरेल आणि चार जणांना घेऊन मरेल. मशीनवर ‘हात घालू नका’ लिहिलेलं असतं ते उगीच नसतं. म्हणून ‘भाषेची काय गरज, सोडून द्या’ असं म्हणणाऱ्यांत आम्ही नाही.

पण प्रश्न असा की ट्रक महामार्गावर आडवा घालू नये, हे कळायला इंग्रजी लागतं की शिक्षण लागतं? आणि ते शिक्षण द्यायचं कुणी? तिथल्या सरकारने फेब्रुवारी २०२२ पासून नव्या ड्रायव्हरांना प्रशिक्षण सक्तीचं केलं, पण निदान इतके तास चाकावर बसवून शिकवलं पाहिजे, असा आकडा मात्र त्या नियमात घातला नाही. एक तासही नाही! शाळा काढणाऱ्याने आपणच लिहून द्यायचं की आमची शाळा नियमाप्रमाणे आहे, की झालं नाव यादीत. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच सरकारला त्या यादीतल्या सुमारे तीन हजार शाळा काढून टाकायला घ्याव्या लागल्या. म्हणजे ड्रायव्हरच्या परीक्षेला साहेब रस्त्यावर उभा, आणि शाळेची परीक्षा शाळेनेच घ्यायची. आणि ज्याला पाट्या वाचता येत नव्हत्या म्हणता, त्याच्या हातात परवाना दिला कुणी? सरकारी कचेऱ्यांनीच ना?

आता मालकाचं गणित बघा. अमेरिकेतला लांब पल्ल्याचा ड्रायव्हर बहुतेक ठिकाणी मैलावर पैसे घेतो. आपल्याकडे कापडाच्या वारावर, तिकडे रस्त्याच्या मैलावर. गाडी हलली तर पैसा. गोदामाच्या दारात माल उतरायची वाट बघत चार तास गेले तर ते पुष्कळदा फुकट. दिवसाला अकरा तास गाडी चालवायची मुभा आहे, चौदा तासांच्या आत. १९३८ साली तिथे कामगारांना जादा तासांचा दीडपट पगार देणारा कायदा झाला, पण राज्याबाहेर माल नेणाऱ्या मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरला त्यातून वगळलं, आणि एवढी वर्षं गेली तरी तो बाहेरच आहे. डोळ्यांवर झोप असलेला ड्रायव्हर कुठलीही पाटी वाचत नाही, इंग्रजी त्याची आईची भाषा असली तरी! या गोष्टीची परीक्षा मात्र त्या जोराने कुणी घेत नाही, कारण तिथे नापास होणार तो मालक.

एक काळ तिथेही होता. १९६४ साली जिमी हॉफाच्या टीमस्टर्स युनियनने देशभरच्या ट्रकवाल्यांचा एकच करार केला. सुमारे चार लाख कामगार त्याखाली आले. (हॉफा काही संत नव्हता. पुढे तुरुंगातही गेला. पण करार खरा होता.) १९८० साली सरकारने ट्रकधंद्यावरची बंधनं सैल केली. ज्याला वाटेल त्याने कंपनी काढावी, वाटेल तो दर लावावा. दर पडले, त्यांच्यामागे मजुरी पडली, युनियनचा जोर ओसरला. जुन्या ड्रायव्हरला घर सोडून तीन-तीन आठवडे रस्त्यावर राहणं परवडेना. तिथे मालकाने कुणाला आणून बसवलं? ज्याला दुसरीकडे काम मिळत नाही त्याला. पंजाबातून गेलेले, मेक्सिकोतून आलेले, युक्रेन-रशियातून आलेले. आज तिथल्या दर सहा ड्रायव्हरांत एक तरी परदेशात जन्मलेला आहे. पंजाब्यांचे तर हायवेवर ढाबेसुद्धा निघाले, आपल्या जी. टी. रोडसारखे.

यात दुसरीही बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. स्वतःचा एकच ट्रक घेऊन धंदा करणाऱ्या तिथल्या छोट्या ड्रायव्हरांची संघटना या इंग्रजीच्या सक्तीच्या पाठीशी उभी राहिली. ती काही सगळी दुष्ट माणसं नव्हेत. त्यांचं म्हणणं, कमी दरात गाडी चालवणारा आला की आमचा दर पडतो. हे दुखणं आपल्याला ठाऊक आहे. गेटवर बदलीवाल्यांची रांग उभी असली की कायम कामगाराचा आवाज कसा खाली येतो, हे गिरणीतल्या माणसाला शिकवायला नको. पण रांगेतल्या माणसाला हाकलून दर कधी वर गेला आहे काय? एकाला हाकललं तर मालक दुसरा गाठतो. दर वर जातो तो रांगेतला आणि आतला एका करारात आले म्हणजे.

बरं, इंग्रजी बोलल्याशिवाय गाडी नीट चालतच नाही, असं म्हणावं तर तिथलंच सरकार त्याला उत्तर देतं. २०१३ साली त्याने चाळीस बहिऱ्या ड्रायव्हरांना मोठे ट्रक चालवायची खास परवानगी दिली, आणि नंतर आणखी दिल्या. त्यांना ऐकू येत नाही, कित्येकांना बोलताही येत नाही. वाचता-लिहिता आलं की पुरे, असं त्यांच्या बाबतीत सरकार म्हणतं, आणि आम्हाला ते योग्यच वाटतं. मग स्पॅनिश किंवा पंजाबी ड्रायव्हरचे उच्चार साहेबाला कळले नाहीत, तर त्याच्या पोटावर पाय का?

युरोपात बघा. पोलंडचा, रुमानियाचा, लिथुआनियाचा ड्रायव्हर जर्मनी-फ्रान्स ओलांडून स्पेनपर्यंत माल नेतो. वाटेत चार भाषा लागतात. चारही त्याला येतात असं थोडंच आहे! तिथल्या देशांनी १९६८ साली व्हिएन्नात करार करून पाट्या चित्रांच्या केल्या. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे धोका, मग तो कुठल्याही मुलखात असो. अमेरिका त्या करारात आली नाही. तिच्या कितीतरी पाट्या अजून अक्षरांच्याच आहेत. पाटी बदलायला सरकारला पैसा लागतो. ड्रायव्हर बदलायला काही लागत नाही.

आता आपल्या घरात या.

मुंबईच्या गिरण्या विलायतेहून मशीनं आणून उभ्या केल्या. मशीनची नावं इंग्रजी. कोकणातून, घाटावरून आलेल्या अक्षरशत्रू माणसाने ती शिकून घेतली आणि आपल्या तोंडात बसवून टाकली. सूत कातायच्या मशीनला साहेब थ्रॉसल म्हणायचा, आपल्या माणसाने त्याचं ‘त्रासन’ केलं, आणि त्रासनखातं हे नाव सगळ्या गिरणगावात रूढ झालं. (नावही कसं शोभून दिसलं बघा!) कुणी गेटवर परीक्षा घेतली होती काय? शेजारच्या साच्यावरच्या माणसाने शिकवलं, जॉबरने शिव्या घालून शिकवलं. कामाची भाषा कामावर येते, पण शिकवणारा पाहिजे आणि शिकायला वेळ पाहिजे.

उलट जिथे भाषा कळणं आपल्या हक्काचं होतं, तिथे मात्र ती आपल्यापासून लांब ठेवली गेली. एका गिरणीत, नाव कशाला घ्या, स्वेच्छानिवृत्तीचे कागद इंग्रजीत आले. आमच्यातल्या पुष्कळांची शाळा चौथीत सुटलेली. ‘इथे सही करा’ एवढंच मराठीत सांगितलं. काय लिहून दिलं ते घरी गेल्यावर पोराने वाचून दाखवलं तेव्हा कळलं. तिथे कोणी म्हणालं नाही की मॅनेजरला मराठी येत नसेल तर त्याला कामावरून उतरवा.

संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणी कामगार लढला, २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या खाल्ल्या, ते राज्याचा कारभार आपल्या भाषेत यावा म्हणून. कोर्ट, कचेरी, बँक, इस्पितळ, गिरणीची नोटीस, सगळं मराठीत. आपण भाषा मागितली ती खुर्चीकडे. म्हणून परराज्यातल्या रिक्षावाल्याला मराठीच्या परीक्षेला बसवायची गोष्ट निघते, तेव्हा आम्ही थांबून विचार करतो. २०१६ साली सरकारने नव्या रिक्षा परवान्यांना मराठीची अट घातली होती. २०१७ साली मुंबई हायकोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं. आमच्यातल्या काहींना त्याचं वाईट वाटलं, आणि ते आम्हाला समजतं. मुंबईत मराठी माणसाला मराठीत उत्तर मिळालं नाही की अंगाची लाही होते. त्या रिक्षावाल्याने मराठी शिकलंच पाहिजे, यात आम्हाला शंका नाही. पण त्याला शिकवायला सरकारने रिक्षास्टँडवर एक तरी वर्ग काढला होता काय? आधी वर्ग काढा, संध्याकाळी, पाळी संपल्यावर, फुकट. वर्ष द्या. मग अट घाला, आम्ही पाठीशी उभे राहू. वर्ग न काढता नुसती अट घातली, तर ती अट राहत नाही, ती हप्ता घेणाऱ्याची सोय होते.

अट काढून टाकायचीही एक तऱ्हा असते. ड्रायव्हरला आठवी पास असलं पाहिजे ही अट २०१९ साली दिल्लीच्या सरकारने काढली. हरियाणातल्या मेवात भागातून तशी मागणी आली होती. पिढ्यान्‌पिढ्या ट्रक चालवणारी माणसं, हात पक्का, पण शाळेचा दाखला नाही. अट काढली ते बरं केलं. त्याच वेळी सरकारनेच सांगितलं की ड्रायव्हिंग शाळेत त्याला पाट्या वाचता येतात, नोंदवही ठेवता येते, हे बघून घ्या. म्हणजे शिकवायचं ओझं शाळेवर गेलं, निदान कागदावर तरी. त्या शाळा खरंच शिकवतात की पैसे घेऊन दाखला देतात, हे आपल्या मोटार कामगार बंधूंनी आपापल्या गावात तपासून बघावं.

आमचं म्हणणं युनियनच्या सभेत ठरावाच्या रूपाने मांडायचं आहे, ते असं: कामासाठी जी भाषा लागते ती मालकाने कामाच्या वेळात, पगार चालू ठेवून शिकवावी, धोक्याच्या सगळ्या पाट्या चित्रात असाव्यात आणि चित्राखाली मराठी असावं, ज्या कागदावर कामगाराची सही घ्यायची तो कागद त्याच्या भाषेत नसेल, तर ती सही त्याच्यावर बंधनकारक धरू नये. अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांच्या युनियनलाही हा ठराव पाठवावा, इंग्रजीत करून. भाषांतर कोण करील त्याने सभेआधी कचेरीत नाव द्यावं.